कुत्र्यासाठी वकील केला : साडेतीन तारे

"अगं, मळ्याच्या बांधासाठी तुझ्या बापानं कधी वकील केला नाही, आणि तू कुत्र्यासाठी केलास?" साताऱ्याहून आईचा फोन. केला खरा. मेलबर्नमध्ये प्राण्यांच्याच केसेस घेणारी एक छोटी फर्म आहे, तिच्याकडे गेले होते. तक्रारीही आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

आमचा ढब्बू स्टॅफी क्रॉस (स्टॅफी या दणकट जातीचा मिश्र कुत्रा), सव्वीस किलोचा, फटाके वाजले की वॉशिंग मशीनमागे दडणारा. एका रविवारी पार्कात पट्टा माझ्या हातून सुटला आणि त्यानं एका कॅव्हूडलचा, म्हणजे छोट्या मिश्र जातीच्या कुत्र्याचा, कान धरला. चूक माझीच. त्यांचं व्हेटचं बिल मी त्याच संध्याकाळी दिलं.

कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पहिलं पत्र आलं : कुत्रा 'डेंजरस' जाहीर करायचा विचार आहे, तुमचं म्हणणं लेखी आणि तोंडी मांडा. मी दोन ओळींची माफीची ईमेल टाकली आणि पत्र फ्रिजवर चिकटवलं. निव्वळ गाढवपणा. वकीलबाईंनी नंतर सांगितलं, की खरं भांडायची जागा तीच होती, आणि माझी माफी कौन्सिलच्या फाइलला कबुलीजबाब म्हणून जोडलेली होती.

दुसरं पत्र जाहीर केल्याचंच. म्हणजे लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांचा कॉलर, फाटकावर पाट्या, बाहेर नेताना मुसकं, अंगणात मापाचा बंदिस्त पिंजरा, आणि घर बदललं तर २४ तासांत कळवायचं. आम्ही भाड्याच्या घरात. पिंजऱ्याचं घरमालकाला कुठल्या तोंडानं सांगणार? दाद मागायची ती व्हीकॅट या न्यायाधिकरणाकडे, २८ दिवसांत. मी वकिलाकडे पोचले तेव्हा एकोणीस उलटले होते.

इथं त्या बाईंना पूर्ण मार्क. ढब्बू किती प्रेमळ, पोरांच्या अंगावर कसा झोपतो, हे मी घडाघडा सांगत होते. त्यांनी हात वर केला. "किती वेळा चावला?"

एकदाच.

ढब्बूला 'डेंजरस' ठरवलं होतं ते 'गंभीर इजा' केली म्हणून. आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या १९९४च्या पाळीव प्राण्यांच्या कायद्यात 'गंभीर इजा' कशाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे : हाड मोडणं, 'लॅसरेशन', शरीराच्या एखाद्या भागाची संवेदना किंवा काम पूर्ण वा थोडं जाणं, कॉस्मेटिक सर्जरी लागणं. आणि लॅसरेशन म्हणजे मांस फाटायला हवं, नाहीतर एकाहून जास्त चाव्यांनी भोकं पडायला हवीत. बाईंनी व्हेटच्या नोंदी मागवल्या. कानाला वरून एक भोक, खालून एक, टाका नाही, धुऊन अँटिबायोटिक दिलं. एकाच चाव्याचा वरचा दात आणि खालचा दात! कौन्सिलच्या अधिकाऱ्यानं 'दोन जखमा' लिहून पुढचा सगळा डोलारा उभा केला होता.

सुनावणीची वेळच आली नाही. किंग स्ट्रीटवर व्हीकॅटच्या बैठकीत कौन्सिलच्या वकिलानं त्या नोंदी पुन्हा वाचल्या, बाहेर जाऊन फोन केला आणि 'डेंजरस'चं 'मेनेसिंग' या खालच्या, कमी कडक वर्गावर आलं. ढब्बू सुटला असं नाही. पट्टा आणि मुसकं राहिलंच. पिंजरा टळला, आम्हाला तेवढंच हवं होतं.

आता पैसे. बिल सहा-सहा मिनिटांच्या हिशेबानं. एकूण २,९०० डॉलर झाले, आणि व्हीकॅटमध्ये साधारण ज्याचा खर्च त्यानंच सोसायचा, त्यामुळे जिंकूनही परत काही नाही. हे पहिल्या भेटीत सांगायला हवं होतं. मला कळलं तिसऱ्या बिलाच्या वेळी. ज्युनियर पोरगा फोन उचलत नाही, उलट फोन करतो तेव्हा फाइल उघडलेली नसते, आणि ती शोधण्याची मिनिटंही माझ्याच बोकांडी. थँक्यू म्हणायला केलेला फोनसुद्धा बिलात होता.

टाके पडले असतील, कान फाटला असेल, तर कुठलाच वकील फार काही करू शकेल असं मला वाटत नाही. जखमेवर वाद असेल तर मात्र या बाईंकडे जा. पहिलं पत्र येईल त्याच दिवशी जा, व्हेटच्या नोंदी मागवायला सांगा, आणि ठरलेली फी लिहून घ्या. माफीची ईमेल त्यांना दाखवल्याशिवाय पाठवू नका.