एका राउटरमधील आभासी राउटरांची जोडणी : ज्युनिपर एमएक्सविषयी

हिंजवडीतील आमच्या प्रयोगशाळेत असलेल्या ज्युनिपर एमएक्स मालिकेतील राउटरवर मुख्य प्रणालीखेरीज १५ पर्यंत आभासी राउटर (ज्युनिपरच्या भाषेत 'लॉजिकल सिस्टीम') उभे करता येतात, आणि ते परस्परांशी जोडण्यासाठी दोन पोर्ट अडवून त्यांच्यात केबल लावावी लागत नाही, हे मला या यंत्राचे सर्वांत मोठे बळ वाटते. 'एलटी' या लॉजिकल टनेल इंटरफेसवर, म्हणजे राउटरच्या आतल्या आभासी पोर्टवर, दोन युनिट (जोडायच्या प्रत्येक आभासी राउटरासाठी एक) तयार करून प्रत्येकात दुसऱ्याचा क्रमांक नोंदवायचा. एन्कॅप्सुलेशन (पॅकेटभोवतीच्या आवरणाचा प्रकार) दोन्हीकडे सारखे ठेवावे. मग ओएसपीएफ किंवा बीजीपी हा मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल खऱ्या केबलवर चालावा तसाच चालतो, आणि नवशिक्या अभियंत्यांसाठी ही सोय अमूल्य आहे. हा इंटरफेस पुरवणारी टनेल सेवा मात्र आधी सुरू करावी लागते व तिची बँडविड्थ राउटरमधील कार्डाच्याच क्षमतेतून जाते, म्हणून प्रत्यक्ष वाहतुकीसाठी वापरताना हिशेब काटेकोर हवा.