एकाच आडनावाचे चार फॉन्ट: गॅरामॉन्डसोबत आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी एका इंग्रजी पुस्तकाची मांडणी हाती घेतली, तेव्हा 'गॅरामॉन्ड' हा एकच फॉन्ट आहे अशी माझी समजूत होती. कुणाचाही घ्या, फरक असलाच तर एकोणीस-वीसचा. पण ते निघालं आडनाव, आणि ते लावणाऱ्या काहींचा त्या घराण्याशी संबंधच नाही!

सुरुवात संगणकात आयत्या मिळालेल्या गॅरामॉन्डने केली. पडद्यावर नाजूक, देखणा. लेझर प्रिंटरवर प्रूफ काढलं तर पान फिकट. धातूच्या अक्षरांचे खिळे दाबून छापायचे तेव्हा शाई पसरून अक्षर अंगाने भरायचं, म्हणून खिळ्यावर ते बारीकच ठेवत. संगणकावर तो बारीकपणा आला, शाईची भर आली नाही. इटालिकची, म्हणजे तिरप्या वळणाची, मोठी (कॅपिटल) अक्षरंही प्रत्येक आपापल्या कोनात कललेली. आधी मला हा दोष वाटला, पण मुळातच ते तसं आहे. आणि ते मूळ गारामोंदचं नाहीच. ज्यांच्या नावावर हे सगळे फॉन्ट चालतात ते क्लोद गारामोंद हे सोळाव्या शतकातले फ्रेंच अक्षरकार, १५६१ मध्ये वारले. हा नमुना जाँ जानों या फ्रेंच मुद्रकाचा, १६२१ च्या सुमाराचा. पुढे तो गारामोंदच्या नावावर खपत राहिला. १९२६ मध्ये मुद्राक्षरांच्या अभ्यासक बिआट्रिस वॉर्ड यांनी ही गफलत उघड केली, तीही 'पॉल बोजों' हे पुरुषी टोपणनाव घेऊन.

मग अडोबी गॅरामॉन्ड घेतला आणि पाच महिने त्यावरच काम केलं. रॉबर्ट स्लिमबाख यांचा हा १९८९ चा टंक. सरळ अक्षरं गारामोंदच्या वळणाची, इटालिक मात्र त्याच काळातल्या रोबेर ग्राँजोंच्या. दोन हातांची अक्षरं एका ओळीत इतकी गुण्यागोविंदाने नांदतात की सांगितल्याशिवाय कळू नये. सलग वाचताना फॉन्टकडे लक्षच जात नाही; मजकुराच्या टंकाकडून मला एवढंच हवं असतं. फक्त लहान लिपीची (a, e, x अशी) अक्षरं अंगाने छोटी, त्यामुळे दहा पॉइंटाच्या मापात डोळे ताणावे लागले. साडेअकरावर नेलं तेव्हा पान सुटसुटीत दिसलं.

सत्तरच्या दशकातला टोनी स्टॅन यांचा आयटीसी (इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशन) गॅरामॉन्ड याच्या अगदी उलट. लहान अक्षरं भलतीच उंच आणि ऐसपैस. वीस पानांचं प्रकरण त्याच मापात तेवीसवर गेलं. परिच्छेदात मला तो सोसला नाही. सगळेच एका सुरात मोठ्याने बोलताहेत असं वाटलं. पण ॲपलने जाहिरातींत वर्षानुवर्षं त्याचंच अरुंद केलेलं रूप वापरलं, आणि मथळ्यात तो का शोभतो ते तिथे कळतं.

ईबी गॅरामॉन्ड मी उशिरा उघडला. फुकटचा आहे, कितपत बरा असणार, हा पूर्वग्रह. गेऑर्ग डुफ्नर यांनी तो फ्रँकफर्टच्या एगेनोल्फ-बर्नर ओतशाळेच्या (खिळे ओतणाऱ्या कारखान्याच्या) १५९२ च्या नमुनापत्रावरून घडवला आणि मुक्त परवान्याने दिला. नावातलं 'ईबी' त्याच ओतशाळेचं. छपाईत तो अडोबीपेक्षा किंचित खडबडीत वाटतो, आणि मला तेच आवडलं. टिपा आणि परिशिष्टं त्यातच लावायची होती, पण एका पानावर दोन गॅरामॉन्ड शेजारी आले की जुळ्या भावंडांतला फरक खुपतो. अख्खं पुस्तक पुन्हा ओतलं, सगळं ईबीत.

मुखपृष्ठावर मात्र आयटीसीच आहे.