तळजीवांची मोजदाद: आजच्या गाळात की जुन्या खडकात?

समुद्रतळावरील प्राणिसमूहांवर संख्यात्मक प्रबंध करू पाहणाऱ्याला आधी ठरवावे लागते, की नमुने आजच्या तळाचे घ्यायचे की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या. कागदावर दोन्ही कामे सारखीच दिसतात: आडव्या ओळींत नमुने, उभ्या रकान्यांत जाती, आणि त्या तक्त्यावर ब्रे-कर्टिस निर्देशांक, म्हणजे दोन नमुन्यांतले जीव किती सारखे किंवा वेगळे हे सांगणारा आकडा. मात्र तक्त्यातल्या एका ओळीचा अर्थ दोन्हीकडे वेगळा असतो.

आजच्या तळाची ओळ म्हणजे एका दिवसाचा, एका जागेचा गाळ. व्हॅन व्हीन ग्रॅब, म्हणजे बोटीवरून सोडायचा जबड्यासारखा पंजा, एका वेळी साधारण ०.१ चौरस मीटर तळ उचलतो. तो गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवावा लागतो, कारण धार जोराची झाली की पॉलिकीट कृमी (अंगावर राठ केस असलेले, वलयांचे समुद्री कृमी) तुटतात आणि मग फक्त डोक्याकडचे तुकडे मोजावे लागतात. त्याच वेळी पाण्याची खोली, क्षारता आणि प्राणवायूही मोजता येतो, हा या वाटेचा मोठा लाभ. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायू फार कमी असतो. तिथे त्याचा समूहावरील परिणाम थेट पडताळता येतो. बोट मात्र हवीच, आणि पावसाळ्याआधीचा व नंतरचा तळ एकसारखा नसल्याने एकच फेरी पुरत नाही.

जीवाश्मांसाठी हातोडा आणि भिंग पुरते. अमेरिकेत सिनसिनाटीच्या आसपास रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे ब्रॅकिओपॉड (दोन झडपांचे, शिंपल्यासारखे दिसणारे प्राणी) व ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे सूक्ष्म प्राणी) खच्चून भरलेले आहेत. पण मऊ शरीराचे कृमी तिथे जवळपास नाहीतच, खोली खडकावरून ताडावी लागते, आणि एका थरातले शिंपले शेकडो-हजारो वर्षांत साचलेले असू शकतात. शिवाय एका ब्रायोझोआ वसाहतीचे दहा तुकडे झाले असतील, तर ते दहा धरायचे की एक, हा नियम मोजणीआधीच लिहून ठेवावा.

नमुन्यांचा आकार असमान असेल तर सँडर्स यांनी १९६८ मध्ये मांडलेली आणि हर्लबर्ट यांनी १९७१ मध्ये दुरुस्त केलेली रेअरफॅक्शन पद्धत उपयोगी पडते; मोठ्या नमुन्यातून लहान नमुन्याइतकेच जीव घेतले तर किती जाती मिळतील, हे ती काढते. तिने शंभर जीवांची तुलना शंभर जीवांशी होते, पण एका दिवसाची हजार वर्षांशी होत नाही. म्हणून दोन्हीकडच्या ओळी थेट एका तक्त्यात घालू नयेत.

प्रश्न प्रदूषणाचा असेल तर आजचा तळ घ्यावा. एकच वर्ष हाती असेल आणि बोट नसेल तर खडक. माझा कल मधल्या वाटेकडे आहे: जिवंत शिंपल्यांची त्याच चाळणीवर उरलेल्या रिकाम्या शिंपल्यांशी तुलना. पुराजीवशास्त्रज्ञ सुझन किडवेल यांनी २००७ मध्ये दाखवले, की या दोहोंत मोठी तफावत दिसते तिथे बहुधा माणसाचा हस्तक्षेप असतो. हे रिकामे शिंपले अनेकदा कचरा म्हणून टाकले जातात. ते वेगळ्या बरणीत, नमुना घेतलेल्या जागेच्या त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवावेत. दोन झडपांच्या शिंपल्यात डाव्या आणि उजव्या झडपा वेगळ्या मोजून मोठा आकडा धरावा.