क्रेग डेव्हिडसन आधी वाचावा की निक कटर?

दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून बघा. पहिलीत दोन शाळकरी मुलं रानात वाट चुकली आहेत. ज्या मोठ्या माणसाच्या मागे ती तिथवर आली तो तिथेच मरून गेलाय आणि घर कुठल्या दिशेला आहे हे दोघांनाही माहीत नाही. दुसरीत चौदा वर्षांची पाच मुलं एका निर्जन बेटावर अडकली आहेत. त्यांच्याबरोबरही एक मोठा माणूस आहे, पण तो आपल्याला वाचवेल ही त्यांची आशा पहिल्या काही प्रकरणांतच डळमळायला लागते.

पहिली कादंबरी 'कॅटरॅक्ट सिटी', 2013 ची. कॅनडातल्या प्रतिष्ठेच्या गिलर पुरस्काराच्या अंतिम यादीत ती होती. दुसरी 'द ट्रूप', 2014 ची. 2015 मध्ये ब्रिटिश भयकादंबरीकार जेम्स हर्बर्ट यांच्या नावाने भयसाहित्यासाठी पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिलाच मान हिला मिळाला. पहिलीवर लेखकाचं नाव आहे क्रेग डेव्हिडसन, दुसरीवर निक कटर. माणूस एकच, 1976 मध्ये टोरोंटोत जन्मलेला.

माझ्या ओळखीत हा लेखक वाचायला घेणारे बहुतेक जण सुरुवातीलाच अडतात, कारण पुस्तकं बरीच आहेत आणि चुकीचं पुस्तक हातात पडलं तर माणूस पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. माझ्या एका मैत्रिणीने कौतुक ऐकून 'द ट्रूप' घेतलं आणि चाळीस पानांत मिटून ठेवलं. दुसऱ्या एकाने भय मिळेल म्हणून 'कॅटरॅक्ट सिटी' उघडलं आणि पहिल्या शंभर पानांत भूत येईना म्हणून सोडून दिलं. दोघांचंही नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा आढावा.

आधी एक गैरसमज दूर करते. 'गंभीर लेखकाची पुस्तकं खपेनात, म्हणून पोटासाठी टोपणनावाने भुताखेतांकडे वळला' अशी गोष्ट लोक परस्पर रचतात. सालं बघितली तर ती टिकत नाही. निक कटरच्याही आधी डेव्हिडसनचं आणखी एक टोपणनाव होतं, पॅट्रिक लेस्टेव्का. त्या नावाने 'द प्रिझर्व्ह' ही भयकादंबरी 2004 मध्ये आली. स्वतःच्या नावाचा पहिला कथासंग्रह 'रस्ट अँड बोन' आला त्यानंतर, 2005 मध्ये. म्हणजे भय हे त्याचं पहिलं घर आहे. कटर या नावाने तो घरी परतला, एवढंच.

पैशाची ओढाताण मात्र खरी होती. 'रस्ट अँड बोन'चं कौतुक झालं. पुढे 2012 मध्ये त्यातल्या कथांवरून फ्रेंच दिग्दर्शक जाक ओदियार यांनी चित्रपटही केला. मधल्या काळात 'द फायटर' ही मुष्टियुद्धावरची कादंबरी आली. तिच्यासाठी या माणसाने स्वतःच्या शरीरावर स्टेरॉइडचे प्रयोग केले, प्रकाशनाच्या निमित्ताने एका कवीबरोबर खरीखुरी बॉक्सिंगची लढत खेळली आणि हरला. पुस्तक काही चाललं नाही. 2008 मध्ये तो कॅल्गरीत शाळेची बस चालवत होता, विशेष गरजा असलेल्या मुलांची. त्या वर्षावर त्याने 'प्रेशस कार्गो' हे आठवणींचं पुस्तक 2016 मध्ये लिहिलं. कादंबऱ्यांच्या तुलनेत मी ते मोजत नाही, पण त्याच्याबद्दल माया वाटावी असं त्याचं एखादं पुस्तक सांग म्हटलं तर मी हेच सांगेन. मुलांबद्दल तो असं का लिहू शकतो, ते त्यात कळतं.

आता मूळ तुलना. आपल्या भाषेत या दोन पुस्तकांसाठी नेमके शब्द आहेत: 'कॅटरॅक्ट सिटी' म्हणजे चकवा आणि 'द ट्रूप' म्हणजे भस्म्या.

कोकणात रात्री रानात फिरून फिरून माणूस त्याच जागी येतो, तेव्हा चकवा लागला म्हणतात. डंकन आणि ओवेन या दोन मित्रांना तो लहानपणी लागतो आणि आयुष्यभर सुटत नाही. गाव आहे नायगारा फॉल्स. धबधबा बघायला जग येतं, पण इथली माणसं बिस्किटांच्या कारखान्यात राबतात. मुलांचे बाप तिथेच, उद्या मुलंही तिथेच. ओवेन पुढे पोलीस होतो. डंकन आठ वर्षांची शिक्षा भोगून तुरुंगातून बाहेर येतो, तिथून पुस्तक सुरू होतं. मधल्या काळात ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती, हातमोज्यांशिवायच्या मारामाऱ्या, सीमेपलीकडे सिगारेटींची तस्करी, आणि या सगळ्याखाली एकच प्रश्न: या गावातून कुणी बाहेर पडू शकतं का? गिरणगावावरचं साहित्य ज्यांनी वाचलंय, त्यांना ही हवा लगेच ओळखू येईल. कारखान्याचा वास बापाच्या कपड्यांतून घरात येतो, ते वर्णन वाचताना मी दोनदा थांबले.

लहानपणी त्या दोघांना रानात नेणारा माणूस कुस्तीच्या आखाड्यातला त्यांचा देव असतो, ब्रूझर महोनी. देव दारुडा आणि मोडलेला निघतो. मुलं त्याच्यावर रागावत नाहीत, त्याची कीव करतात. डेव्हिडसन या नावाखाली तो माणसाला हेच देतो: मोडलेल्यालाही थोडी माया.

भस्म्या हा आपल्याकडचा जुना शब्द, कितीही खाल्लं तरी भूक न शमण्याचा रोग. 'द ट्रूप'मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडजवळच्या फॉलस्टाफ नावाच्या बेटावर स्काउटची पाच मुलं आणि त्यांचे शिक्षक टिम रिग्ज मुक्कामाला आहेत. रिग्ज गावातले डॉक्टरही आहेत. एका रात्री समुद्रातून एक अनोळखी माणूस येतो. हाडांचा सापळा झालेला, आणि समोर दिसेल ते खाणारा. त्याच्या पोटात प्रयोगशाळेत बदल करून वाढवलेला टेपवर्म, म्हणजे आतड्यातला लांबलचक जंत आहे. लष्कर बेटाला वेढा घालतं आणि कुणालाच बाहेर येऊ देत नाही. मधून मधून वर्तमानपत्रांची कात्रणं, साक्षी, प्रयोगशाळेच्या नोंदी येतात. ही पद्धत भयकथांचा बादशहा स्टीफन किंग याच्या 'कॅरी' या कादंबरीवरून घेतल्याचं लेखकाने स्वतःच मान्य केलंय. किंगनेही या पुस्तकाला मनापासून दाद दिली.

मी हे वाचलं तेव्हा माझा मुलगा आठवीत होता आणि शाळेच्या तीन दिवसांच्या शिबिराला पानशेतकडे गेला होता. फोन लागत नव्हता. दुसऱ्या रात्री मी पुस्तक बंद करून स्वयंपाकघरात दिवा लावून बसले. मला रडवलं ते जंताने नव्हे. पाचातल्या न्यूटन नावाच्या जाड्या, हुशार, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेल्या मुलाने रडवलं. पुस्तकातल्या सूचना पाठ असल्या, नियम पाळले की माणूस वाचतो यावर त्याचा विश्वास आहे. तो विश्वास लेखक किती सावकाश आणि किती अचूक मोडतो, हे ज्याला सोसेल त्यानेच वाचावं.

सोसण्याचं बोलतेय तर थेट सांगते. 'द ट्रूप'मध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याची वर्णनं आहेत. भुकेली मुलं एका समुद्री कासवाला मारतात, तो प्रसंग कित्येक पक्क्या भयवाचकांनाही जड गेलाय. शरीराची चिरफाड आहे, मुलांचे मृत्यू आहेत. घरात कुणी गंभीर आजारी असेल, अंग झिजत चाललेलं डोळ्यांसमोर असेल, तर हे पुस्तक आत्ता नको. 'कॅटरॅक्ट सिटी'तही कुत्र्यांच्या झुंजी आणि रक्तबंबाळ मारामाऱ्या आहेत, पण तिथे हिंसेनंतर माणसं एकमेकांच्या जखमा पुसतात. कटरच्या बेटावर जखम पुसायला जवळ जाणं म्हणजेच मरण. दोन नावांमधला खरा फरक मला इथे दिसतो. मुलं तीच, रान तेच, आणि मोठ्यांनी हात सोडणंही तेच. डेव्हिडसनच्या पुस्तकात दुसऱ्या मुलाचा हात धरता येतो, कटरच्या पुस्तकात त्या हातालाच भ्यायला लागतं.

भाषेचंही बघा, कारण दोन्ही इंग्रजीतच वाचावी लागतात. डेव्हिडसनची वाक्यं लांब, उपमांनी जड आणि कामगारवस्तीच्या बोलीने भरलेली. पहिली पन्नास पानं दमवतात. मध्यभागी मारामारीचे प्रसंग इतके येतात की माझा तोल एकदोनदा गेला, आणि स्त्रिया पुस्तकभर कडेलाच उभ्या राहतात, हा त्याचा मोठा उणेपणा. कटरची प्रकरणं आखूड, वाक्यं धावती. इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्याला तोच सोपा जाईल. त्याची उणीव वेगळी आहे. पाचांतला शेली हा क्रूर मुलगा मला आतून कधी पटला नाही, आणि मधली कात्रणं पुढच्या घटनांची चाहूल जरा लवकर देतात.

कटरची आणखी दोन पुस्तकं थोडक्यात. 'द डीप' (2015) मध्ये लोकांना विसरण्याचा रोग होतो, आधी किल्ल्या विसरतात आणि शेवटी श्वास घ्यायचं. उपाय शोधायला समुद्राच्या तळाशी प्रयोगशाळा. सुरुवात जबरदस्त, पुढे तीच तीच दुःस्वप्नं. 'लिटल हेवन' (2017) न्यू मेक्सिकोतल्या एका धर्मवेड्या वस्तीची गोष्ट, लांबलचक. दोन्ही आधी घेऊ नका.

टोपणनावाचा मुद्दा आपल्याला परका नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कविता आरती प्रभू म्हणून लिहिल्या आणि कादंबऱ्या स्वतःच्या नावाने. त्या कादंबऱ्यांतही सिंधुदुर्गातलं गूढ भरून आहे, पण आपण त्यांना भयाच्या कप्प्यात टाकत नाही. रत्नाकर मतकरींनी तर नाटकं, बालनाट्यं आणि गूढकथा सगळं एकाच नावावर ठेवलं. मुखपृष्ठावरच्या नावावरून आत काय आहे हे मराठी वाचकाला कळायचं नाही, अन् त्याची त्याला अडचणही वाटायची नाही. उत्तर अमेरिकेतल्या दुकानांत कप्पे पक्के आहेत, तिथे दुसरं नाव म्हणजे वाचकाला आधीच दिलेली सूचना. डेव्हिडसनच्या बाबतीत ही सूचना मला प्रामाणिक वाटते, कारण 'कॅटरॅक्ट सिटी' आवडलेल्या आजोबांनी नकळत 'द ट्रूप' उघडू नये हे बरंच आहे.

पण मग निवडायचं काय? मी या दोहोंपैकी एकही आधी सांगणार नाही. आधी घ्या 'द सॅटरडे नाइट घोस्ट क्लब' (2018). त्यावर नाव डेव्हिडसनचं, गाव पुन्हा नायगारा फॉल्स, काळ 1980 च्या दशकातला. जेक नावाचा मुलगा, त्याचा विचित्र पण प्रेमळ मामा आणि दोन-तीन मित्र शनिवारी रात्री गावातल्या भुताटकीच्या जागा बघायला जातात. मोठा झालेला जेक मेंदूचा शल्यविशारद आहे आणि ही गोष्ट तोच सांगतो. स्मृती कुठे राहते, कशी हरवते आणि हरवलेली कधीकधी किती दयाळू असते, हे तो ऑपरेशनच्या टेबलावरून बोलतो. मामा त्या जागाच का निवडतो हे शेवटाकडे कळतं. ते मी इथे उघड करणार नाही. पुस्तक लहान आहे, दोन-तीन बैठकींत संपतं. भयाचा सगळा सांगाडा कटरचा आणि आतलं काळीज डेव्हिडसनचं असं हे एकच पुस्तक मला भेटलं.

ते वाचून संपताना तुमचं मन मामापाशी रेंगाळलं, त्याला काय झालं असेल याच विचारात राहिलं, तर पुढे 'कॅटरॅक्ट सिटी' घ्या आणि पहिली पन्नास पानं नेटाने काढा. आणि त्या पडक्या घरांत, पाण्याखालच्या गाडीपाशी पुन्हा जावंसं वाटलं, तर 'द ट्रूप'. ते शनिवारी सकाळी उजेडात सुरू करा, म्हणजे कासवाचं प्रकरण रात्री झोपायच्या आधी येणार नाही. घरातलं मूल कुठल्या शिबिराला गेलं असेल तर ते परत येईपर्यंत थांबा.