ड्यूक ३९० की स्पीड ४००? ताम्हिणीत चाव्या बदलून बघितल्या

दोन्ही बाईक चाकणच्या, दोन्ही बजाजने बनवलेल्या, एकीचं इंजिन ३९९ सीसी दुसरीचं ३९८, दोन्ही सिंगल सिलिंडर. पण एकीवरनं उतरून दुसरीवर बसलो तर शेजारच्या फ्लॅटमध्ये चुकून शिरल्यासारखं वाटलं, खोल्या त्याच पण सामान सगळं भलतंच.

तर झालं असं की माझ्याकडे दीड वर्षापासून ट्रायम्फ स्पीड ४०० आहे आणि मावसभावाने केटीएमची नवी ड्यूक ३९० घेतली (२०२३ ला आलेली, जुनी ३७३ सीसीवाली नाही), आणि घेतल्यापासून त्याचं एकच चालू, तुझी गाडी आजोबांची आहे. म्हटलं चल, रविवारी ताम्हिणी. पहाटे साडेपाचला चांदणी चौक, पिरंगुटच्या ट्रॅफिकच्या आधी पौड गाठलं, मुळशीच्या पुढे एका टपरीवर चहा झाला आणि तिथेच चाव्या बदलल्या.

कागदावर ड्यूकच भारी, त्यात वादच नाही. ४६ पीएस आणि वजन १६८ किलो, माझी ४० पीएस आणि १७६ किलो. म्हणजे पॉवर सहाने जास्त आणि वजन आठने कमी. पण हे आकडे खरे कळतात ते साडेपाच-सहा हजार आरपीएमच्या वर. तिथपर्यंत ड्यूक नुसती चालते, मग अचानक कोणीतरी मागनं ढकलल्यासारखी सुटते, आणि क्विकशिफ्टर असल्यामुळे क्लचला हातच लावायचा नाही, कान पिळलेला ठेवायचा आणि पायाने टक टक गियर टाकत जायचं. पहिल्या दहा मिनिटांत मी हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो, खोटं कशाला बोलू.

मग निवे गाव गेलं आणि वळणं चालू झाली.

ड्यूकचा पुढचा ब्रेक म्हणजे प्रकरण आहे. डिस्क ३२० मिमीची, माझ्या गाडीला ३००. पण मापापेक्षा फरक बोटाला जाणवतो, एका बोटाने दाबलं तरी नाक खाली. माझ्या गाडीच्या सवयीने मी पहिल्या उजव्या वळणाला दोन बोटांनी दाबला तर मागचं चाक हलकं झालेलं चक्क कळलं, पोटात गोळा. सवय झाल्यावर मात्र कळतं की ही गाडी वेगवान आहे ती ब्रेकमुळे, इंजिनमुळे नंतर. वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन ब्रेक मारता येतो, हॅण्डल रुंद, गाडी नुसत्या नजरेने वळते, सस्पेन्शन कडक त्यामुळे झोपवली की झोपलेलीच राहते. पण तेच कडक सस्पेन्शन रस्ता उखडलेल्या ठिकाणी कमरेचा प्रत्येक मणका मोजून दाखवतं. आणि तिसऱ्या गियरमध्ये तीन हजारावर वळणातनं बाहेर पडायला गेलं तर आचके देते, म्हणजे सारखा दुसरा टाका, परत तिसरा, परत दुसरा. मजा येते हो, पण डोकं सतत कामाला लागलेलं.

प्लस व्हॅलीच्या पुढे परत माझ्या गाडीवर बसलो आणि खरं सांगतो, पहिल्या सरळ पट्ट्यात वाटलं की हिचा पेट्रोल पुरवठाच कोणीतरी कमी केलाय. नंतर दोन हेअरपिन गेले आणि कळलं की मी तिसरा गियर बदललेलाच नाही. दोन्हींचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, कागदावर ६५०० आरपीएमलाच येतो, ड्यूकचा ३९ आणि स्पीडचा ३७.५ न्यूटन मीटर, पण स्पीड खालनं ओढते, ट्रॅक्टरसारखी नाही, गुपचूप. वळणात शिरताना पुढच्या वळणाचा विचार करायला वेळ मिळतो. एका ठिकाणी कड्यावरनं आलेली खडी पसरली होती, तिथे मागचं चाक वीतभर सरकलं आणि आपोआप जागेवर आलं, ड्यूकवर त्या वेळी मी नक्की गॅस उघडा ठेवला असता. वाईट म्हणाल तर शंभरच्या पुढे हॅण्डल आणि फूटपेगला मुंग्या येतात, आणि तासाभराने उजवी करंगळी झोपते.

बरोबर एका मित्राची रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० पण होती. ४७ पीएस, म्हणजे तिघींत सगळ्यात जास्त, पण वजन दोनशे किलोच्या वर. विळे गावाच्या बाजूला सरळ रस्ता लागला की दोन सिलिंडरची ती गाडी आम्हा दोघांना लाजवत गेली, ना कंप ना ओरडा. पण घाटात तिला एका बाजूकडनं दुसऱ्या बाजूला लोटायचं म्हणजे कपाट सरकवणं.

किमती २०२३ ला आल्या तेव्हाच्या एक्स-शोरूम सांगतो, ड्यूक ३.११ लाख, स्पीड २.३३ लाख. जवळपास ८० हजारांचा तो फरक महिन्यातनं एकदा घाटात वसूल होतो, रोज सिंहगड रोडवर नाही, तिथे ड्यूकच्या इंजिनची गरम हवा मांडीला लागते आणि तुम्ही दुसऱ्या गियरमध्ये क्लच दाबून बसलेले. माझी उंची साडेपाच फूट, ड्यूकच्या उंच सीटवर सिग्नलला एकच पाय नीट टेकतो. हे आधी बसून बघा, यूट्यूबवर कळत नाही. मला आज परत निवडायची झाली तर मी स्पीडच घेईन, ड्यूक मावसभावाकडे आहेच.

येताना मुळशीला त्याने परत माझी चावी मागितली, जरा बघतो म्हणाला, आणि पौडपर्यंत दिलीच नाही. घरी पोचल्यावर म्हणतो काय, तुझ्या पुढच्या ब्रेकचे पॅड संपलेत बहुतेक, दाखवून घे.