फ्लेचर की जेएनयू?
फर्ग्युसनमधून राज्यशास्त्रात बीए झालेली भाची विचारते, "मामा, आंतरराष्ट्रीय संबंध कुठे शिकू?"

फ्लेचर म्हणजे अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय संबंधांचं स्कूल, १९३३ चं. कायदा, अर्थकारण, वाटाघाटी सगळं एकत्र. खर्च मात्र घर गहाण टाकायला लावणारा. शशी थरूर तिथले पीएचडी. दिल्लीच्या जेएनयूत फी नगण्य, एकेका प्रदेशाचा खोल अभ्यास, कॅम्पसवरच चिनी, रशियन, फारसी शिकायची सोय. एस. जयशंकर तिथले. माझा कौल जेएनयूला.

मतं मागायला मात्र दोन्हीकडे शिकवत नाहीत. थरूर संयुक्त राष्ट्रांतल्या कारकिर्दीनंतर २००९ मध्ये तिरुवनंतपुरममधून निवडून आले; जयशंकर राज्यसभेतून. (मतं मागणं शिकायला पुण्याच्या कसब्यातलं गणेश मंडळ बरं!)

भाचीनं तूर्त रानडे इन्स्टिट्यूटला रशियनचा क्लास लावलाय.