बचत गटाचा साबण आणि सोया मेणबत्ती: माल चांगला, पण आपल्या उन्हाळ्याचा विचार केलेला नाही

छत्रपती संभाजीनगरला बचत गटांच्या प्रदर्शनात मिळणारा हा संच आहे. त्यात १०० ग्रॅमच्या तीन साबणवड्या (कडुनिंब, हळद, शेळीचं दूध), काचेच्या ग्लासातली एक सोया मेणबत्ती आणि दोन बाथ बॉम्ब (अंघोळीच्या पाण्यात टाकले की फसफसणारे गोळे) मिळतात. साबण डोळे झाकून घ्यावा असा आहे. मेणबत्ती दिवाळीच्या सुमारास घ्या, एप्रिल-मेमध्ये नको.

साबण न उकळता केलेला आहे, त्यामुळे ग्लिसरीन वडीतच राहतं आणि अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं होत नाही. असा साबण चार ते सहा आठवडे सुकवावा लागतो. इथे वड्या जरा लवकर बाजारात आणल्यात, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळलंय. अंगठ्याने कोपरा दाबून पाहा. खूण उमटली तर आत पाणी आहे आणि ती वडी पंधरा दिवसांत विरघळून संपेल. प्लास्टिक काढा, जाळीवर बोटभर अंतर ठेवून सावलीत मांडा, मधूनमधून उलटवा. दोन-तीन आठवड्यांत कडक होते. मग साध्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, हवाबंद डब्यात नको.

कूलर असलेल्या खोलीत मात्र ठेवू नका. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं आणि वडीला घाम सुटतो. साबणदाणी खाली भोकं असलेलीच हवी.

पुडक्यावर तेलांची नावं दिलीत हे फार बरं केलं. हळदीच्या वडीत करडईचं तेल दुसऱ्या क्रमांकावर आहे. आपल्याकडचं तेल म्हणून कौतुक वाटतं, पण ते लवकर खवट होतं. साबणात साधारण ५ टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवतात, ते हवेने बिघडलं की वडीवर नारिंगी ठिपके येतात. बोअरच्या पाण्यात केलेल्या साबणावर ते आणखी लवकर येतात, कारण पाण्यातलं लोह त्या प्रक्रियेला वेग देतं. करणाऱ्यांनी डिस्टिल्ड वॉटर वापरावं आणि घेणाऱ्यांनी ही वडी सर्वांत आधी संपवावी. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येणार आणि फरशीवर पांढरा थर बसणार. तो दोष साबणाचा नाही. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं.

मेणबत्तीचं खरं दुखणं उन्हाचं. सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केलं की हे मेण होतं आणि ग्लासात ओतायचं मेण साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश असतात. पत्र्याची खोली, बंद गाडी किंवा स्कूटरची डिक्की त्याच्याही पुढे जाते. मेण वितळून परत गोठलं की वात कलते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि सुगंधी तेल वर थेंबांनी साचतं. ते तेल टिशूने टिपल्याशिवाय पेटवू नका, ज्योत भडकते. फ्रिजमध्येही ठेवू नका. मेण आकसून काचेपासून सुटतं, कधी तडकतं. घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, सुती कापडात गुंडाळून उभी ठेवा. मेणावर पांढरी बुरशीसारखी नक्षी दिसली तर घाबरू नका, सोया मेणाचा तो स्वभावच आहे.

पहिल्यांदा पेटवाल तेव्हा मेण काठापर्यंत वितळू द्या. या ७ सेंटिमीटरच्या ग्लासाला जवळपास तीन तास लागतात. अर्ध्यात विझवली तर पुढच्या वेळीही मेण मधेच वितळतं आणि वात खड्ड्यात बुडते. तसं झालंच तर मधे भोक ठेवून काठावर ॲल्युमिनियम फॉइल लावा, कडेचं मेण उतरतं. इथे वात थोडी बारीक निवडलीय, म्हणून ही काळजी जास्तच घ्यावी लागते. दर वेळी वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापा, नाहीतर काच काळी पडते. पंखा बंद ठेवा. लाइट गेली म्हणून रात्रभर जळत ठेवू नका. चार तासांवर काच फार तापते. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबा.

बाथ बॉम्ब म्हणजे खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल, ओल लागली की संपलं. पावसाळ्याआधी वापरून टाका. राहिलेच तर घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. एखादा बॉम्ब फोड आल्यासारखा फुगलेला दिसला तर आतली प्रक्रिया सुरू होऊन गेलीय, पाण्यात तो फारसा फसफसणार नाही.